उपळसरीचा गुण

पांढरकवड्याच्या आठवडी बाजारात वनस्पतींच्या मुळ्या विकणाऱ्या मावशींचे मला कौतुक वाटते. उपळसरीची मुळी त्या आधी बोटांत चुरून गिऱ्हाइकाला हुंगायला देतात. तिच्या काढ्याने अंगातील उष्णता शमते आणि घामोळ्यांची खाज कमी होते, एवढेच त्या सांगतात.

परवा एका आईने विचारले, "मावशी, यानं पोरगी गोरी होईन ना? उद्या पाहाले पाहुणे येऊन राह्यले." शेजारी उभी असलेली मुलगी अवघडली.

मावशींनी काळपट मुळी मुलीच्या हातावर ठेवली. "ही सोताच काळी हाय, माय! तुह्या पोरीले गोरी कायले करन? अन् पोरीच्या रंगाले झालं काय?"

मुलगी खुदकन हसली. आई तिच्याकडे पाहतच राहिली. मग हळूच म्हणाली, "द्या थोडी. घामोळ्या तर हायेतच."