गुरूचं मरण

सदाशिवरावांनी एक चिनी मारधाडीचा सिनेमा मारेगावला व्हिडिओवर पाहिला, तेव्हा ते अठरा वर्षांचे होते. त्यातला म्हातारा गुरू आपल्याच शिष्याच्या लाथेनं मरतो. ते मरणच त्यांच्या मनात बसलं. पुढं सारी उमर लोहाऱ्याच्या एका कारखान्यात फाटकावर ड्युटी केली, पण रोज पहाटे मारुतीला पाणी घातलं की अंगणात त्या गुरूसारखं एका पायावर उभं राहणं काही सुटलं नाही. "बगळा झाला माह्या नवऱ्याचा," विमलताई शेजारणींना सांगायच्या.

यंदा मोबाइलच्या दुकानवाल्या बंटीनं तोच सिनेमा नव्यानं, आजच्या यवतमाळातला करून काढायला घेतला आणि गुरू म्हणून यांनाच धरलं. शिष्याच्या जागी कराटेवाली निशिगंधा.

कापसाच्या बंद जिनिंगच्या आवारात आज शेवटचा दिवस. परवानगी सहापर्यंतच. आणि लाथ यांच्या छातीला लागली रे लागली की निशिगंधा खाली वाकून यांच्या पायाला हात लावायची. मोठ्या माणसाला पाय लागला ना. सात वेळा हेच झालं.

"अवं, तू खून करून राह्यली," बंटी वैतागला.

"मले समजते रे. हातच ऐकत नाही."

"मंग जमत नसन तर गुरूले डेंग्यूनं मारतो. हार घातलेला फोटो दाखवतो अन् पुढं जातो."

चाळीस वर्षं जपलेलं मरण आता मच्छर नेणार? सदाशिवराव येरझारा घालू लागले. भिंतीवरचं ऊन पाहावं, घड्याळ पाहावं, परत ऊन पाहावं. एकाएकी थांबले आणि चपला काढल्या.

"ये पोरी. आधीच पडून घे पाया. जितक्या लाता, तितक्यांदा."

"आधी चालते का, काका?"

"देवाले निवद आधीच दाखवतो न आपण? मंग जेवतो."

तिनं तीनदा डोकं टेकवलं, त्यांनी तीनदा 'सुखी राहा' म्हटलं. मग लाथ बसली. या वेळी तिचा हात जागचा हलला नाही. सदाशिवराव सरकीच्या ढिगावर जाऊन पडले. छाती जळत होती, पण बंटी थांब म्हणेपर्यंत त्यांनी श्वास सोडला नाही.

"मस्त," बंटी म्हणाला. "आता हेच चारी बाजूनं घेऊ."

"माह्याजवळ दोनच लाता उरल्या," निशिगंधा म्हणाली.

सदाशिवरावांनी पडल्या पडल्याच पाय पुढं केले. "पड लवकर. ऊन चाललं."