काळ्या पडद्यासमोरची कुमुदअक्का

कुमुदअक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी धुळ्यात, शाळेच्या ऑफिसात दाखले टाइप करत होते. शिपायाने "जळगावचा फोन" म्हणून हाक मारली. पलीकडे भाऊ होते, अक्कांचे यजमान. एरवी फोनवरही जत्रेत बोलल्यासारखा मोठ्याने बोलणारा माणूस, पण त्या दिवशी त्यांचे शब्द कानापर्यंत पोचेनात. "उषा, तुझी अक्का गेली गं... सकाळी बोलता बोलता खुर्चीत बसली, ती उठलीच नाही." एवढंच. मी जागेवर आले आणि अर्धवट राहिलेला दाखला पुरा केला. का केला ते सांगता येत नाही. हात चालत होते म्हणून केला. मग पर्स उचलली आणि स्टँड गाठला. पारोळा गेलं, एरंडोल गेलं, आणि खिडकीशी बसल्या बसल्या लक्षात आलं, की असे आपले आपण चालणारे हात मला अक्कांनीच दिले होते...

ऐंशीच्या दशकात वडिलांची बदली जळगावला झाली आणि आम्ही पिंप्राळ्याला भाड्याने राहू लागलो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी अक्कांचा टायपिंगचा क्लास होता. दोन खोल्या, भिंतीला लागून मांडलेली मशिनं, आणि दिवसभर असा खडखडाट की शेजारच्या पिठाच्या गिरणीवाल्याने तक्रार करावी! अक्का उंच, सावळ्या, केसांचा घट्ट अंबाडा आणि त्यात खोचलेलं पेन. नव्या मुलीला त्या पहिल्याच आठवड्यात हातांवर रुमाल टाकून टाइप करायला लावत. मी रुमालाखालून चोरून बघायला गेले की त्या पट्टीने नाही, नुसत्या हसून मारत. म्हणत, "डोळ्यांना कामाला लावशील तोवर बोटं आळशीच राहतील."

त्या रावेरकडच्या. माहेरी केळीच्या बागा, घरात सगळे शेतकरी. मॅट्रिकनंतर हट्टाने भुसावळला टायपिंग शिकायला जाणारी त्यांच्या घरातली ही पहिलीच मुलगी. क्लासमध्ये त्या शुद्ध मराठी बोलत, पण क्लास सुटला, चहाचं आधण चढलं, की माहेरची बोली बाहेर यायची. मी साक्रीकडची, आजोळी अहिराणीत वाढलेली. 'मला'साठी मी 'माले' म्हणायचे, त्या 'मले' म्हणायच्या, आणि यावरून आमची कायम जुंपायची. मी त्यांना म्हणे, तुमच्याकडे केळी एवढ्या पिकतात आणि शब्दाला एक काना परवडत नाही का? त्यावर त्या म्हणत, "आमी काना वाचवतो माय, म्हणून तं आमची टायपिंगची स्पीड जास्त आहे." माझं लग्न होऊन मी धुळ्याला आले, नोकरीला लागले, तरी महिन्या-दोन महिन्यांनी पिंप्राळ्याची एक फेरी असायचीच. नात्याला नाव नव्हतं. माझी आई त्यांना 'तुझी जळगावची सासू' म्हणायची, कारण माझ्या स्वयंपाकाला त्या सासूसारखी नावं ठेवत.

भाऊंचा फोटो स्टुडिओ क्लासच्याच मागच्या खोल्यांमध्ये होता. माझ्या लग्नाचे फोटो त्यांनीच काढले. भाऊ स्वभावाने हळवे आणि यंत्रांच्या बाबतीत भोळे. नव्वदीच्या मध्यावर टायपिंगच्या क्लासला गळती लागली, मुलं कॉम्प्युटरच्या मागे गेली, तेव्हा भाऊंनी अक्कांना न विचारता नाशिकच्या एका बंद पडलेल्या छापखान्यातून जुना कॉम्प्युटर आणि त्याबरोबर एक फिल्म स्कॅनर आणला. निगेटिव्हची पट्टी त्याच्या फटीतून आत सरकवायची, की आतला दिवा ती वाचतो आणि चित्र पडद्यावर येतं, असं त्यांना सांगितलेलं. प्रत्यक्षात काहीच येत नव्हतं. विंडोजमधला प्रोग्रॅम सुरू केला की पडद्यावर वाळूचं घड्याळ यायचं आणि ते तसंच राहायचं. दोन जाणकार येऊन बघून गेले. दोघांनीही मान हलवली. भाऊ इतके ओशाळले, की त्यांनी त्या यंत्रावर टेबलक्लॉथ घातला.

दुपारी क्लास रिकामा असे, तेव्हा अक्का टेबलक्लॉथ बाजूला करून यंत्राबरोबर आलेलं जाडजूड इंग्रजी माहितीपुस्तक वाचत बसू लागल्या, शेजारी डिक्शनरी. शेवटच्या प्रकरणात त्यांना हवं ते सापडलं. विंडोज न उघडताही स्कॅनर चालवता येतो. नुसता काळा पडदा, त्यावर लुकलुकणारी एक रेघ, आणि आपण हुकूम टाइप करायचा. आधी प्रोग्रॅमचं नाव, मग एक जागा, तिरकी रेघ, एक अक्षर. पुन्हा जागा, पुन्हा रेघ. निगेटिव्ह आहे की स्लाइड, किती बारकाईने वाचायचं, दिवा किती जोरात, सगळं अक्षरांत सांगायचं. मी त्या महिन्यात गेले तर अक्का मला हाताला धरून आत घेऊन गेल्या. "बघ उषा, हे तं आपलं टायपिंगच आहे! त्या उंदराला हात लावायची गरजच नाही." त्यांनी टाइप केलं, एंटर दाबलं, स्कॅनर गुरगुरला, आणि थोड्या वेळाने पडद्यावर भाऊंनी काढलेलं मेहरूणचं तळं उजळलं. भाऊ दारात उभे होते. त्यांनी मला हळूच विचारलं, "याला ड्रायव्हर लागतो म्हणे. तो कुठं असतो गं?" अक्का मागे न बघता म्हणाल्या, "मी काय शेतात गेलीय? ही काय, इथंच बसलीय ड्रायव्हर."

त्याच सुमाराला साक्रीजवळच्या आमच्या मावशीचा सुभाष गेला. कावीळ झाली, आधी झाडपाल्यावर काढली, दवाखान्यात न्यायला उशीर झाला. विशी ओलांडलेला, घरातला एकटा मुलगा. त्याचा फोटो नव्हता. हॉलतिकिटावर एक होता, तो घरात पाणी शिरलं तेव्हा गेला. मी भेटायला गेले की मावशी आधी इकडचं तिकडचं बोलायची, आणि मग एकदा चुलीपुढे बसून म्हणाली, "डोया मिटी लेस ते तेनं तोंडच दखात नही माले." डोळे मिटल्यावर आपल्या मुलाचा चेहरा दिसत नाही, हे सांगताना ती रडतही नव्हती. घाबरलेली होती.

मी जळगावला जाऊन हे अक्कांना सांगितलं. भाऊ ऐकत होते. ते म्हणाले, तुझ्या लग्नात पंगतीला वीज गेली होती, आठवतं? फ्लॅशही उडेना, पण मी दोन-चार फोटो घेतले होते. काही आलं नाही म्हणून छापले नाहीत. निगेटिव्ह मात्र फेकत नाही मी. पत्र्याच्या डब्यातून बटर पेपरचं पाकीट निघालं. पट्टी उजेडात धरली तर जवळजवळ कोरी काच. नीट पाहिलं तर काचेवर कुणी श्वास सोडावा तसं काहीतरी. सुभाष पंगतीत वाढत होता, एवढं मला नक्की आठवत होतं. ती फ्रेम हीच की नाही, ते कुणालाच सांगता येईना.

अक्कांनी ती पट्टी आत घातली. पहिल्यांदा स्कॅनरच्या मनाने वाचू दिली, तर पडदा राखाडी, गढूळ. मग त्यांनी त्याचं स्वतःचं मोजमाप बंद करणारं अक्षर टाइप केलं आणि दिवा आपल्या हातात घेतला. थोडा कमी, आणखी थोडा कमी. एकदा वाचलं की यंत्राचे स्वतःचे ठिपकेच जास्त उमटायचे, म्हणून तीच फ्रेम पुन्हा पुन्हा वाचायला लावायची आणि सगळ्या वाचनांची सरासरी काढायला सांगायची. एकेका हुकमाला स्कॅनर केवढा वेळ घेई! मध्येच अडला की पुन्हा पहिल्यापासून. मी धुळ्याला परतले. अक्का त्या पट्टीशी किती दुपारी बसल्या, त्यांनी मला कधी सांगितलं नाही. एक दिवस शाळेत फोन आला. "मावशीला घेऊन ये. मले वाटतं, तोच आहे. पण आईला विचारल्याशिवाय कसं म्हणू?"

मावशी आयुष्यात प्रथमच जळगावला आली. स्टुडिओत ती स्टुलावर बसली, पदर दोन्ही हातांनी धरून. अक्कांनी पडदा तिच्याकडे वळवला. खडबडीत, वाळूवर काढल्यासारखं चित्र. हातात जिलबीची परात घेतलेला एक मुलगा, मान वळवून कुणाकडे तरी बघून हसणारा. मावशी बराच वेळ नुसती बघत राहिली. मला वाटलं, तो नाहीच हा... मग ती पुढे वाकली आणि त्याच्या उघड्या कॉलरवर, पडद्याच्या काचेला बोट लावून म्हणाली, "कितलं सांगेल व्हतं तेले, वरनं बटन लाव!" आणि तेव्हा कुठे ती रडली. अक्कांनी तिला जवळ घेतलं. एकीची अहिराणी, दुसरीची रावेरची बोली, आणि दोघींचं सगळं एकमेकींना कळत होतं.

भाऊ डोळे पुसून कामाला लागले. म्हणाले, हे ठिपके ब्रशने मऊ करतो, डोळे जरा उठावदार करतो, कॉलरही नीट करून देतो, भिंतीवर शोभला पाहिजे. अक्का म्हणाल्या, "ठिपके काढा. डोळ्यांना हात लावू नका. आणि ते बटन उघडंच राहू द्या." चित्र कागदावर आणायला चांगला प्रिंटर नव्हता. मग भाऊंनी खोली अंधारी केली, आपला जुना कॅमेरा तिवईवर चढवला, पडद्याचाच फोटो काढला आणि डार्करूममध्ये त्याची प्रिंट केली. मावशीने ती पदरात गुंडाळून नेली. एसटीत शेजारी बसणाऱ्या प्रत्येक बाईला तिने ती दाखवली... मुलगा काय करतो असं एकीने विचारलं, तर म्हणाली, "लगीनमा वाढी राहिना." लग्नात वाढतोय.

यानंतर लोक येऊ लागले. बुरशी आलेल्या, चिकटलेल्या, उंदरांनी कुरतडलेल्या निगेटिव्ह घेऊन. अक्का प्रत्येकाला चहा विचारत आणि आधी माणसाबद्दल बोलायला लावत. फाइलचं नाव आठ रोमन अक्षरांच्या वर जात नसे, त्यामुळे नावं तोडावी लागत. "आबा, तुमच्या वडलांचं नाव मावत नाही हो. 'चंद्रक'वर थांबते, पुढचं तुम्ही मनात म्हणा." आबासुद्धा हसत. मुलींना शिकवलं तसं त्यांनी भाऊंनाही शिकवायचा प्रयत्न केला. पण भाऊ रेघेआधी जागा सोडायला विसरत, आणि यंत्र इंग्रजीत 'चुकीचा हुकूम' म्हणालं की त्याला खरोखर सॉरी म्हणत.

दिवाळीनंतर शेवटची भेटले, तेव्हा अक्का थकल्या होत्या. पायऱ्या चढताना थांबत. मी डॉक्टरकडे चला म्हटलं, तर त्यांनी माझ्या डब्यातली कढी चाखली आणि म्हणाल्या, "आधी हिला दाखव डॉक्टरला." आम्ही खूप हसलो. मला तीच भेट शेवटची वाटली असती तर... पण तसं काही वाटलं नाही, आणि आता वाटतं ते बरंच झालं.

दिवसकार्य उरकल्यावर पाहुणे पांगले. गेल्या आठवड्यात मी पुन्हा पिंप्राळ्याला गेले. भाऊ दाढी वाढवून मागच्या खोलीत बसले होते. शेजारीण हळूच म्हणाली, सकाळपासून पोटात काही नाही, कुणी दिलं तर नको म्हणतात. मी काही बोलणार, तोच भाऊंनी कॉम्प्युटरचं बटन दाबलं. म्हणाले, "आता काम कुणी करायचं? पण रोज एकदा सुरू करतो." पडदा काळा झाला, पांढऱ्या अक्षरांच्या ओळी वर सरकत गेल्या, आणि सगळ्यांत शेवटी, जिथे ती रेघ लुकलुकते तिच्या वर, रोमन अक्षरांत मराठी ओळ उमटली: 'अहो, चहा घेतला का?' यंत्र सुरू होताना आपोआप यावी म्हणून ती ओळ अक्कांनीच कधीतरी लिहून ठेवलेली. दुपारी त्या यंत्राशी बसल्या की भाऊंना चहाची आठवण करून द्यायचं राहून जायचं, म्हणून.

भाऊंनी ओळ वाचली. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

"नाही अजून," ते पडद्याला म्हणाले, आणि उठून चहा टाकायला गेले.