डेनिमच्या चौकटीतलं ऊन

आमचे हे पत्र्याखाली जीन्स शिवायला बसतात, तेही भर दुपारी. कॅम्प तीनमधल्या आमच्या गल्लीत वीज गेली की सगळे कारागीर चहाला सुटतात; हे मात्र उठून पायमशीनवर बसतात. गेल्या उन्हाळ्यात तिथेच चक्कर येऊन पडले. मी सरळ सांगितलं, "वीज गेल्यावर चालेल असा पंखा बघा, नाहीतर दुपारी शेडला कुलूप लावते." कुलूप आणूनही ठेवलं. मशीनशिवाय ह्यांना करमायचं नाही, हे का मला कळत नव्हतं? पण माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

सोलरवाला आला. पत्रा दाबून म्हणाला, "ताई, काचेच्या पॅनलचं वजन ह्याला झेपायचं नाही. त्यात समोरच्या बिल्डिंगची सावली." झालं!

आमची लेक कॉलेजच्या प्रयोगशाळेत नव्या सोलर सेलवर काम करते. सरांना विचारून तिने चाचणीसाठी एक तपकिरी फिल्म आणली, कॅलेंडरसारखी गुंडाळून. म्हणाली, "बाबा, ह्याला पेरोव्हस्काइट म्हणतात. नेहमीच्या पॅनलमधल्या सिलिकॉनला मोठी भट्टी लागते, हे शाईसारखं पसरवून वाळवतात. हलकं, वाकणारं, सावलीतही बऱ्यापैकी चालतं. फक्त आत ओल जाता कामा नये."

ती जेवायला बसली तोवर ह्यांनी फिल्मला चारी बाजूंनी डबल शिलाई मारली! वर ऐटीत, "कडा उसवायला नकोत."

"अहो बाबा, भोकं पाडलीत! आधी हात धुवा, त्यात शिसं असतं!"

तरी तीच पत्र्यावर टाकून पंखा जोडला. आमची दमट हवा त्या भोकांतून शिरली आणि फिल्म कडेपासून पिवळी पडत गेली. पंखा कुरकुरला आणि थांबला. ह्यांचं तोंड बघवेना. लेक मात्र हसून हसून बेजार. सरही हसले म्हणे, आणि दुसरी फिल्म दिली.

ह्या वेळी ह्यांनी आधी डेनिमची चौकट शिवली, चारी बाजूंनी खिसा ठेवून, आणि फिल्म नुसती आत सरकवली. सुई फिल्मपासून लांबच. मग चौकट पत्र्यावर बांधून पंखा जोडला. "सिलिकॉनइतकी वर्षं टिकेल का, ते अजून बघायचंय," लेक म्हणाली.

"टिकेल तोवर वारा खाऊ," हे म्हणाले.

परवा दुपारी वीज गेली. गल्लीतल्या मशिनी गप्प झाल्या. मी कुलूप घेऊन तरातरा गेले. आत पंखा फिरत होता, पायमशीन चालू होती आणि ह्यांच्या सदऱ्याची पाठ कोरडी होती. मी हात लावून बघितली.

"कुलूप कशाला आणलंस?"

"तुमच्या तोंडाला लावायला," म्हटलं, आणि स्टूल ओढून तिथेच बसले.