आल्याचा रस निवळेपर्यंत

फाल्गुनात मला ताप आला. तापातून उठले तेव्हा वास येईनासा झाला होता, पण ते लगेच कळलं नाही. चहा कोमट पाण्यासारखा लागला. वाटलं, तोंडाला चव नाही, येईल दोन-चार दिवसांत. मग एका सकाळी गॅसवर दूध ठेवून मी ओट्यापाशीच उभी राहिले, खिडकीतून समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी बघत. वाऱ्याने त्या फुगायच्या, पुन्हा पडायच्या. किती वेळ बघत होते कुणास ठाऊक. दूध उतू गेलं, आटलं, पातेलं काळं पडलं, आणि मी हातभर अंतरावर तशीच उभी. नवरा धावत आला, त्याने गॅस बंद केला आणि माझ्याकडे बघत म्हणाला, "अगं, घरभर वास सुटलाय!"

मला कुठलाच वास येत नव्हता.

डॉक्टर म्हणाले, येईल परत. कधी, ते त्यांनाही सांगता येईना.

आधी मला वाटायचं, वासाचं काय एवढं? डोळे आहेत, कान आहेत. पण कांदा चिरताना डोळ्यांत पाणी यायचं आणि कांदा मात्र तिथे नसायचा. साबणाचा नुसता फेस व्हायचा. मुलगी पुण्याहून दोन दिवस आली, तिला जवळ घेतलं, तर तिच्या केसांना काहीच वास नाही. काचेपलीकडून कुणाला कवटाळावं तसं वाटलं.  ती गेल्यावर तिची उशी नाकाशी धरून बराच वेळ बसले होते.

उन्हाळा चढत गेला तशी दिवसांना एक गुंगी आली. आमचं घर होटगी रस्त्याला, रुळांपासून फार लांब नाही. दुपारी रस्ता सामसूम व्हायचा, मागच्या गल्लीतल्या यंत्रमागांची खटखट तेवढी ऐकू यायची, मधूनच एखादी मालगाडी लांबच लांब वाजत जायची. नवरा सकाळी दुकानावर गेला की रात्रीच परतायचा. घरात मी आणि माझे सासरे. त्यांना मी मामा म्हणते. आयुष्यभर रेल्वेत नोकरी केलेला माणूस, बोलायला मोजका. सासूबाई गेल्याचं ते दुसरं वर्ष होतं. मामा बाहेरच्या खोलीत कूलरसमोर बसायचे, मी आत. जेवायला वाढलं की "बसा मामा," एवढं मी म्हणायचे आणि "पुरे," एवढं ते. आमच्यात भांडण कधीच नव्हतं. बोलणं सगळं सासूबाईंमार्फत चालायचं, आणि ती वाटच बंद झाली होती.

एका दुपारी ते मंडईतून आले आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर त्यांनी पिशवी ठेवली. उंबऱ्याच्या आत ते कधी येत नसत. पिशवीत आलं होतं. चांगलं बोटाएवढ्या जाड फांद्यांचं, माती लागलेलं, आणि इतकं की वर्षभर चहात घातलं तरी संपायचं नाही.

"एवढं आलं कशाला मामा?"

"ती करायची न्हवं का, आल्याचं. पाण्यात घालून प्यायचं."

सासूबाई दर उन्हाळ्यात आल्याचा पाक करून बाटल्या भरून ठेवायच्या. कुणी उन्हातून आलं की माठातल्या पाण्यात चमचाभर पाक, वर लिंबू. मी तो किती वेळा प्यायले होते. करताना मात्र कधी पाहिला नव्हता. मी तेव्हा शिवणकामाच्या दुकानात जायचे, आणि त्या हे काम दुपारी उरकायच्या.

"मला येत नाही हो ते," मी म्हणाले.

"ती म्हणायची, त्यानं डोकं मोकळं होतंय. तुझं बी होईल." आणि ते परत कूलरसमोर जाऊन बसले.

म्हणजे ते माझ्यासाठी उन्हातून गेले होते. मी ती पिशवी उचलली आणि आलं धुवायला घेतलं. माती नळाखाली तांबूस होऊन वाहत होती. ती वास नसलेली माती बघताना मला वाटलं, हे सगळं मी स्वप्नात करतेय, आणि कुणी हाक मारली की जागी होईन.

पहिल्यांदा जे केलं ते असं: आलं किसलं, फडक्यातून पिळलं, रस आणि साखर एकत्र पातेल्यात घातले आणि गॅसवर ठेवलं. ढवळता ढवळता बुडबुडे बघत राहिले. ते आधी बारीक होते, मग मोठे झाले, मग सोनेरी. फार सुंदर दिसत होते.

"जळतंय! अगं, जळतंय!"

मामा ओरडत आले ते थेट आत. माझ्या लग्नापासून मी त्यांना त्या खोलीत पाऊल टाकताना पाहिलं नव्हतं. त्यांनी घाईघाईने गॅसचं बटण फिरवलं, पण उलटं, आणि जाळ आणखी मोठा झाला. मीच मग हात पुढे करून बंद केलं. दोघंही पातेल्यात बघत उभे. पाक करपून तपकिरी झाला होता, त्यात पांढरट गुठळ्या तरंगत होत्या.

"हे असं न्हवतं," मामा म्हणाले.

"नव्हतंच," मी म्हणाले, आणि मला हसू फुटलं. तेही हसले. तोंडावर हात ठेवून, चोरून हसावं तसे.

त्या संध्याकाळी मी सासूबाईंच्या धाकट्या बहिणीला फोन लावला. मावशी अक्कलकोटच्या पुढे एका गावात राहतात, घरात कानडी बोलतात. त्या म्हणाल्या, "शुंठी किसायची बघ, मग पिळायची..."

"सुंठ कशी किसणार मावशी? ती तर वाळलेली असते."

"वाळलेली न्हाय गं, ओली शुंठी!"

बराच वेळ आम्ही सुंठ आणि शुंठी करत राहिलो. शेवटी मामांनी बाहेरून ओरडून सांगितलं, "अगं, तिकडं आल्यालाच शुंठी म्हणत्यात!" मावशी पलीकडून खळखळून हसल्या. पण पुढचं त्यांनाही ठाऊक नव्हतं. "अक्का कुणाला हात लावू देत न्हवती त्याला. दाजींना इचार की, तेच तर घरात असायचे."

मामांना विचारलं तर ते म्हणाले, "मी कुटं आत जायचो? मी हितंच."

"पण काही कळत असेल ना? आवाज, वास?"

  मी भाजी निवडायला घेतली. अर्धी जुडी निवडून झाली तेव्हा ते बोलायला लागले, माझ्याकडे न बघता, कूलरच्या जाळीकडे बघत. ड्यूटी रात्रीची असली की ते दुपारी घरी झोपायचे, तेव्हाचं सांगत होते.

"आधी किसणीचा आवाज. मग आल्याचा वास यायचा, लई तिखट. झोप उडायची. मग बराच वेळ काय न्हाय. ना आवाज, ना वास. मग साखरेचा वास, गोड. आन् मग दोन्ही एकदम."

"मधे बराच वेळ काहीच नाही?"

"न्हाय."

"मग त्या वेळात त्या करायच्या काय?"

 मामांचा चेहरा बदलला, काही तरी हरवलेलं अचानक खिशातच सापडावं तसा.

"बाहेर यायची की," ते म्हणाले. "माझ्यापाशी बसायची. हितं, खाली. हात लई भगभगायचे तिचे. मग तळवे असे फरशीला लावून बसायची. शहाबादी फरशी गार असती न्हवं का. बोलायची न्हाय काय. मला वाटायचं, दमली म्हणून बसती."

मी भाजी तशीच ठेवली. माझ्या डोळ्यांसमोर आमच्या फसलेल्या पाकातल्या त्या पांढरट गुठळ्या आल्या. पिळलेला रस त्या नुसता ठेवून देत असणार. निवळू देत असणार. गाळ खाली बसेपर्यंत त्यांना काम नसायचं, म्हणून त्या बाहेर येऊन बसायच्या.

मी हे बोलून दाखवलं तेव्हा मामा म्हणाले, "व्हय, तसंच असंल." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "पर निवळायला ठिवून ती आतबी बसली असती की. हितं कशाला येत व्हती?"

मी भाजी पुन्हा पुढ्यात ओढली. त्यांना उत्तर माझ्याकडून नको होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही पुन्हा केलं. मी आलं किसलं, पिळलं, रस काचेच्या बरणीत ओतला आणि हात धुऊन बाहेर आले. तळहात खरंच भाजल्यासारखे झाले होते. मामा खुर्चीवर बसले होते. मी खाली फरशीवर बसले आणि तळवे टेकवले. गारवा हातांतून खांद्यापर्यंत चढत गेला. कूलर घरघरत होता, पडद्याच्या फटीतून उन्हाची एक रेघ आत आली होती आणि त्यात धूळ हळूहळू वर जात होती. सुनेने सासऱ्याजवळ असं बसणं आमच्याकडच्या रीतीत बसत नाही, पण त्या दुपारी रीत बघायला तिथे कुणी नव्हतं.  मला बहुतेक डुलकी लागली. डोळे उघडले तेव्हा मामांचा हात खुर्चीवरून खाली लोंबत होता आणि तेही झोपले होते.

आत बरणीत तळाशी पांढरा गाळ बसला होता, कालवलेल्या खडूसारखा. वर स्वच्छ पिवळसर रस. मी तो अलगद ओतून घेतला आणि गाळ टाकून दिला. साखरेच्या पाकाला मात्र मामांचं नाक लागलं. ते उंबऱ्यात खुर्ची टाकून बसले आणि तिथून सांगत राहिले. "अजून न्हाय... अजून कच्चाच वास हाय... आता. आता घाल." मी चिमटीत पाक धरून पाहिला, एक तार सुटत होती. रस घातला, एक उकळी दिली, लिंबू पिळलं, मीठ टाकलं.

माठातल्या पाण्यात कालवून पहिला पेला मी त्यांना दिला. त्यांनी डोळे मिटून घोट घेतला. मी वाट बघत होते.

"तिच्यापरीस तिखट झालंय," ते म्हणाले. "पर हाय."

मग मी प्यायले. वास नव्हताच. गोडही पुसटच. पण घशात काही तरी पेटलं. जिभेच्या मागे, टाळूला, कानांच्या आत, सगळीकडे तो चटका पसरत गेला. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा एखादी वस्तू माझ्यापर्यंत पोचली होती. मी पेला खाली ठेवला आणि रडायला लागले. मामा घाबरले.

"लई तिखट लागलं का?"

"हो," मी म्हणाले, "लई."

त्यानंतर पाक हे आमचं दुपारचं काम झालं. एक बाटली संपत आली की ते मंडईत जायचे. बोलणंही थोडं वाढलं. रेल्वेच्या सिग्नल केबिनमधल्या रात्री, सासूबाईंना घेऊन पहिल्यांदा माढ्याला माझ्या माहेरी मला बघायला आले तेव्हाची गडबड, असं काहीबाही ते सांगायचे. बरणी ओट्यावर निवळत असायची आणि आम्ही बाहेर बसलेलो.

वास आला तो एकदम नाही आला. उन्हाळ्याच्या अखेरीला, एका दुपारी आलं किसताना मला ओल्या गोणपाटाचा वास आला. मी सगळीकडे शोधलं, गोणपाट कुठेच नव्हतं. आल्यालाच तो वास येत होता. मी मामांना सांगितलं तेव्हा त्यांनी किस नाकाशी नेऊन हुंगला आणि गंभीरपणे म्हणाले, "आलंच हाय हे." पुढे कित्येक दिवस कॉफीला रबराचा वास यायचा आणि मोगऱ्याला कसलाच नाही. हळूहळू बरंचसं जागेवर आलं. मोगरा अजूनही अर्धाच येतो. मुलगी दिवाळीला आली तेव्हा तिच्या केसांना तेलाचा आणि एसटीतल्या धुळीचा वास होता. मी तिला दारातच इतका वेळ धरून ठेवलं की ती म्हणाली, "आई, बॅग तरी खाली ठेवू दे."

पुढच्या उन्हाळ्यात मावशी आल्या. उन्हातून आल्या म्हणून त्यांना पेला दिला. त्यांनी घोट घेतला, थांबल्या, दुसरा घेतला.

"कुणी केलं हे?"

"हिनं," मामा म्हणाले, तेव्हाच मी म्हणाले, "मामांनी."

मावशींनी आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "अक्काचं असं न्हवतं," त्या म्हणाल्या. मग पेला पुढे केला. "आणि द्या."

निघताना त्यांना एक बाटली दिली. मी आणि मामा त्यांना स्टँडवर सोडायला गेलो. त्यांनी बाटली जुन्या टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतली आणि खिडकीशी बसल्या. गाडी हलली तसे मामा चार पावलं गाडीबरोबर चालले आणि कानडीत काही तरी मोठ्याने बोलले. मावशींनी मान हलवली, डोळे पुसले, हात हलवला. गाडी वळून दिसेनाशी झाली.

परतताना रिक्षात मी विचारलं, "काय म्हणालात हो मावशींना?"

मामा रस्त्याकडे बघत होते.

"झाकण घट्ट लाव म्हटलं," ते म्हणाले. "सांडंल."