ग्रहणात ठेवलेला नकाशा

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. लग्न होऊन मी किहीमला आले त्याला वर्ष होत आलं होतं आणि मला सहावा महिना होता. माझा नवरा अलिबागला कचेरीत नकाशे काढायचा. गावात कुणी घर बांधायचं म्हटलं की त्याचाही नकाशा काढून निळ्या प्रती करून द्यायचा. माजघरात अंधार करून तो मुंबईहून आणलेल्या दोन पावडरी पाण्यात कालवायचा आणि ते पाणी कागदावर ब्रशने फिरवायचा. उन्हाचं काम माझ्याकडे. तो पिवळट कागद, त्यावर पातळ कागदावरचा नकाशा आणि वर काच, असं अंगणात मांडायचं. पिवळा रंग राखाडी झाला की परातीत विहिरीचं पाणी घेऊन कागद धुवायचा. रेघा पांढऱ्या राहत, बाकी सगळं निळं होई. मला ते काम फार आवडायचं.

दिवाळीला महिना झाला होता. त्या दिवशी दुपारी सूर्यग्रहण होतं. कोळीवाड्यातला एक होडीवाला संध्याकाळी नकाशा न्यायला येणार होता, म्हणून नवरा जाताना सांगून गेला की ग्रहण लागायच्या आत प्रत काढून घे. पण धुकं उशिरापर्यंत उठलंच नाही. ऊन आलं तेव्हा मी काच मांडली. कागद अजून अर्धाकच्चा असताना सासूबाईंनी मला आत बोलावलं. त्यांनी दारं-खिडक्या लावल्या, मला सरळ निजायला सांगितलं. पोटुशीनं ग्रहणात काही चिरू नये, दुमडू नये, बाहेर तर पाऊलही टाकू नये. मी निजले. सासूबाई देवापाशी जप करत बसल्या.

थोड्या वेळानं अंगणात काचेवर खुरं वाजली. शेजारची शेळी. काच फुटली तर नकाशाही जाणार, एवढंच डोक्यात आलं आणि मी कडी काढून धावले. शेळी हाकलली, काच उचलली. मग उजेड जाणवला. ऊन होतं, पण मळकं, थंड. कावळे गप्प झाले होते. आंब्याखाली आले, तर जमिनीवर उन्हाचे कवडसे पडले होते ते सगळे चंद्रकोरीसारखे वाकडे, आणि तसेच माझ्या पोटावर, लुगड्यावर हलत होते. मी हातानं झटकले, तर ते हातावर आले. मागे वळले तर सासूबाई दारात उभ्या. त्या बाजूला झाल्या, मला आत घेतलं आणि पुन्हा कडी लावली.

प्रत फिकी आली. नवऱ्यानं दुसऱ्या दिवशी दुसरी काढून दिली. मी बाहेर गेल्याचं त्याला कळलं तेव्हा तो हसला. सासूबाई त्याबद्दल कधीच बोलल्या नाहीत आणि त्याचीच मला भीती वाटायची. बाळ पोटात हललं नाही की मी जागच्या जागी थिजायचे. कुणाला विचारावं, तर उत्तर काय येईल याची धास्ती.

चैत्रात मुलगी झाली. माझी आई नव्हती, म्हणून बाळंतपण सासरीच. सुईणीनं तिला गुंडाळून माझ्याजवळ दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ओलं फडकं बदलताना मी तिला पालथी केली, तर कमरेखाली तळव्याएवढा निळा डाग. माझ्या कागदांसारखा निळा. मी पदर तांब्यात बुडवला आणि तो डाग पुसत राहिले. डाग जाईना. मी जोरात घासलं, ती रडायला लागली, तशा सासूबाई आल्या.

"काय करत्येस?"

मी बोट दाखवलं. त्यांनी तिला मांडीवर घेतलं, डागावरून अंगठा फिरवला.

"तुझ्या नवऱ्यालाही होता. इथंच. बऱ्याच पोरांना असतो. जातो आपोआप."

मी म्हटलं, मी ग्रहणात बाहेर गेले होते. त्या म्हणाल्या, "मला नाही का माहीत?" मग हळू आवाजात म्हणाल्या, "सुईणीनं ही हातात दिली ना, तेव्हा मी आधी ओठ फाटलेला नाही ना ते बघितलं. मग बोटं मोजली. चार महिने मला झोप नव्हती. तुला कशाला घाबरवायचं म्हणून बोलले नाही."

मी रडले. त्यांनी रडू दिलं. मग मुलीला तेल लावायला घेतलं आणि न्हाणीत पाणी तापलंय का ते सुईणीला आतूनच हाक मारून विचारायला मला सांगितलं.

मुलगी चालायला लागेपर्यंत तो डाग फिका होत गेला. मी रोज बघत होते, तरी पूर्ण गेला कधी ते कळलं नाही.