कांद्याचा उपाय

गीतांजलीने आयुष्यातला पहिला उपचार केला तो कांद्याने, आणि तो साफ चुकला.

ती तेव्हा पातूरच्या शाळेत नववीत होती. बाकावर शेजारी आरती बसायची. गणिताच्या सरांनी फळ्यापाशी बोलावलं की आरतीचा श्वास चढायचा, हात थरथरायचे. एकदा ती तिथेच खाली बसली. फिट आली की कांदा हुंगवतात, हे गीतांजलीने घरी पाहिलेलं. आई बाजारात भाजी विकायची, त्यामुळे डब्यात भाकरीसोबत कांदा असायचाच. तिने तो बुक्कीने फोडला आणि आरतीच्या नाकाला लावला. आरती ठसकली, डोळ्यांतून घळघळा पाणी आलं. वर्ग हसला.

दुसऱ्या दिवसापासून आरती दिसली की कोणीतरी म्हणायचं, "कांदा आना रे." आठवड्याभरात तिने शाळेत येणं बंद केलं.

गीतांजलीला कोणी दोष दिला नाही. पण शेजारची रिकामी जागा रोज दिसायची. शेवटी एका रविवारी ती सायकलने आरतीच्या मळ्यात गेली. दसरा तोंडावर आला होता. आरती आणि तिची आई माणिकबाई झेंडूच्या ढिगापाशी बसल्या होत्या.

"समजवाले आली असशील त आल्या पावली जाय," माणिकबाई म्हणाली. "सारं गाव समजावून गेलं. हार करता येते का?"

"नाही."

"मंग शीक. घे सुई."

आरतीने मान वर केली नाही. गीतांजली फुलं ओवत बसली. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर परत गेली, तिसऱ्या दिवशीही. तिचे हार वाकडे व्हायचे आणि माणिकबाई ते उसवायची. "हा त बैलबी घालनार नाही, बाई."

तिसऱ्या दिवशी आरती खाली पाहतच म्हणाली, "कांदा काहून लावला वं तू?"

"मले वाटलं, तू मरून राहिली."

आरतीची सुई थांबली. "मलेबी तसंच वाटते. दरवेळी."

घाबरू नको, देवाचं नाव घे, नाटकं करू नको, असं सगळ्यांनी तिला सांगून झालं होतं. तिला नेमकं काय होतं, ते कोणी विचारलं नव्हतं. गीतांजलीनेही नाही. आता तिने विचारलं, आणि आरती सांगत गेली. छातीवर कोणी बसल्यासारखं होतं. वर्गाचं दार लांब लांब जातं. "दार जवळ असतं त इतकं नसतं झालं."

गीतांजली सरांकडे गेली. आरतीला दाराजवळच्या बाकावर बसू द्या, गरज वाटली तर न विचारता बाहेर जाऊ द्या, असं म्हणाली.

"शाळा आहे का धर्मशाळा?" सर म्हणाले. मग हजेरीवही मिटून, "एक महिना. पाहू."

दसऱ्यानंतर आरती आली. मागून कांद्याचा आवाज आलाच. गीतांजली उभी राहिली. "कांदा माझा होता. चिडवाचं त मले चिडवा." मग दहावी संपेपर्यंत ती कांदेबाई राहिली. आरती पहिल्या आठवड्यात चार वेळा उठून नळापाशी गेली आणि चारही वेळा परत आली. महिना कधी संपला ते सरांनी विचारलं नाही.

पुढे अकोल्याला कॉलेजात गीतांजलीने मानसशास्त्र घेतलं, तेव्हा आई म्हणाली, "येड्यायची डॉक्टर होतं का?" आज ती अमरावतीत समुपदेशक आहे. राजापेठेत ट्यूशन क्लासच्या वर तिची खोली आहे. येणाऱ्यासाठीची खुर्ची दाराजवळ असते. दसऱ्याच्या आधी आरतीच्या मळ्यातला झेंडू एसटीने येतो आणि टेबल भरून जातं.

यंदा त्याच दिवसांत एक वडील आपल्या मुलीला, रागिणीला, घेऊन आले. वीस दिवस ती क्लासला गेली नव्हती, घरीही बोलत नव्हती.

"मॅडम, अर्धा तास झाला, तुमी हारच करून राहिल्या," वडील म्हणाले. "तिच्यासंग बोला ना काही."

"खाली चहा घेऊन या, भाऊ. आणि दार राहू द्या उघडं."

ते गेले. रागिणी फुलांकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "मॅडम, तुमचा हार वाकडा होऊन राहिला."

"शाळेपासून होते," गीतांजली म्हणाली. "तुले येते सरळ कराले?"

रागिणीने दाराजवळची खुर्ची टेबलाकडे ओढली आणि सुई मागितली.