थरथरणारा खडक

मुलीच्या कॅम्पसाठी काल नवा तंबू आणला. अंगणात तो उलगडला, तसा ताडपत्रीचा उग्र वास आला आणि मला सहस्रकुंडचा धबधबा आठवला.

भूकंपाला तीन वर्षं झाली होती. लातूरच्या आमच्या अकरावीच्या क्लासची तिथं सहल गेली होती. नदीकाठी तंबू ठोकायचे होते आणि कुणालाच जमत नव्हतं. शेवटी शोभानं एकटीनं दोन तंबू उभे केले. ती भूकंपात पडलेल्या गावची, वर्षभर तंबूतच राहिलेली. तिची आई घराखाली गेली, एवढं मला माहीत होतं.

मग आम्ही कड्याकडे निघालो. पाणी इतक्या जोरानं कोसळत होतं की पायाखालचा काळा खडक थरथरत होता. शोभा मटकन खाली बसली. तिनं दोन्ही तळवे खडकावर टेकवले.

"जमीन हालायली," ती म्हणाली.

मी हसले. "अगं, पाण्यानं हालतंय. काही होत न्हाई, चल की!"

तिनं माझ्याकडं पाहिलं. "आई बी असंच म्हणली होती. ट्रक गेला असंल, झोप."

तिच्याजवळ बसायला हवं होतं, हे आज कळतं. तेव्हा पुढं गेलेल्या मुली फोटोसाठी मला हाका मारत होत्या. मी गेले. परत आले, तोवर ती तंबूंकडं निघून गेली होती.

दिवाळीनंतर शोभा क्लासला आली नाही. का, ते मी कुणाला विचारलंही नाही.